दूध-अंडी सोडण्याआधी आठवडाभर वजनकाटा वापरा

पहिल्यांदा व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही, असं ठरवलं तेव्हा मी नुसतं वगळत गेले. सकाळची दोन अंडी बंद, पेलाभर दूध बंद, दुपारचं दही बंद. त्यांच्या जागी आल्या त्या भाज्या आणि फळं. जेवून उठले की तासाभरात पुन्हा भूक लागायची. तिसऱ्या आठवड्यात मी तो प्रयत्न सोडून दिला.

काय चुकलं ते वहीत हिशेब मांडल्यावर कळलं. दोन अंड्यांतून साधारण 12 ग्रॅम प्रथिनं मिळत होती, 250 मिली दुधातून 8 आणि दह्यातून 5. म्हणजे रोजची 25 ग्रॅम मी काढून टाकली होती. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरेशी मानली जातात. माझं वजन 62 किलो, म्हणजे गरज साधारण 51 ग्रॅमची. त्यातली निम्मी मी घालवली होती आणि बदल्यात पालक खात होते. शंभर ग्रॅम पालकात जेमतेम 3 ग्रॅम असतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की काहीही सोडण्याआधी आठवडाभर वजनकाटा वापरा. खाता ते सगळं मोजा, लिहा, आणि प्रथिनं कुठून येतात ते बघा. मग एकेक पदार्थ बदला, आणि जुना काढायच्या आधी नवा ताटात येऊ द्या.

मोजताना एक घोटाळा हमखास होतो, माझाही झाला. तक्त्यात मसुरापुढे 100 ग्रॅमला 24 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. मी शिजवलेली मसूर 100 ग्रॅम घेतली आणि वहीत 24 लिहिले. पण तो आकडा कोरड्या डाळीचा. शिजताना ती पाणी पिते, वजन अडीच पटींहून जास्त होतं, आणि शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये उरतात साधारण 9. हरभऱ्याचंही तसंच. तेव्हापासून मी कडधान्य भिजवण्याआधी, कोरडंच मोजते. भूक कितीही लागली असली तरी हे एक मोजमाप चुकवत नाही.

आता माझा नेहमीचा दिवस. सकाळी 60 ग्रॅम ओट्स 250 मिली सोया दुधात शिजवते, वर चमचाभर भोपळ्याच्या बिया. इथेच जवळजवळ 20 ग्रॅम होतात. दुपारी 70 ग्रॅम कोरडी मसूर किंवा हरभरे, त्यांचे 14 ते 17. मधल्या वेळी मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे, त्यांचे 7. रात्री 100 ग्रॅम घट्ट टोफू, त्याचे साधारण 12. पाकिटावर बघा, कारण टोफूत पाणी किती यावर आकडा बदलतो. गहू-तांदळाचे वेगळे. बेरीज साठच्या पुढे जाते आणि मला तेवढीच हवी असते, कारण वनस्पतींतली प्रथिनं पचायला थोडी कमी पडतात. घाईच्या दिवशी 30 ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवते, त्यांतून 15 मिळतात.

डाळ आणि धान्य एकाच घासात हवं का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. नाही. प्रथिनं अमिनो आम्लं नावाच्या घटकांची बनतात. त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळीत कमी. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की शरीर जुळवून घेतं. सोयाबीनमध्ये नऊही आवश्यक अमिनो आम्लं चांगल्या प्रमाणात असतात.

बदामाच्या दुधावर मात्र विसंबू नका. बहुतेक खोक्यांतल्या पेलाभर दुधात 1 ते 2 ग्रॅमच प्रथिनं असतात. कॅल्शियम घातलेलं सोया दूध घ्या आणि ओतण्याआधी खोका जोरात हलवा, नाहीतर कॅल्शियम तळाशीच बसून राहतं.

पोट फुगेल. कडधान्यं हळूहळू वाढवा, रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा. राजमा मंद आचेवर अर्धवट शिजवून कधीही खाऊ नका. त्यातलं विष जायला तो निदान 10 मिनिटं खळखळ उकळावा लागतो. लोहासाठी डाळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.

गरोदर असाल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा लहान मुलाचा आहार बदलायचा असेल, तर माझे आकडे वापरू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

आणि बी-12 जीवनसत्त्व. प्रथिनांची एवढी चिंता करणारी माणसं हे विसरतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही, स्पिरुलिना नावाच्या शेवाळातूनही नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढे हातापायांना मुंग्या येतात, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा आणि गोळी पहिल्या दिवसापासून सुरू करा. माझी बाटली टूथब्रशशेजारी असते.