नुकत्याच पाहिलेल्या चित्रपट-मालिकांवर मत कसे लिहावे

चित्रपट किंवा मालिका पाहून झाल्यावर रसिकाने लिहिलेले मत आणि समीक्षकाने लिहिलेले परीक्षण यांची कामे वेगळी आहेत. परीक्षणाला दिग्दर्शकाची आधीची कारकीर्द, त्या विषयावरील इतर चित्रपट, तंत्र आणि परंपरा यांचा विचार करावा लागतो. रसिकाच्या मताकडून मात्र वाचकाची एकच नेमकी अपेक्षा असते: यासाठी मी शनिवारची संध्याकाळ आणि घरातील चौघांच्या तिकिटांचे पैसे खर्च करावेत काय? ‘चुकवू नये असा’ एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण लिहिणाऱ्याची आवड वाचकाला ठाऊक नसते. म्हणून मत असे लिहावे की आपल्याशी पूर्ण असहमत असणाऱ्या माणसालाही ते वाचून हा चित्रपट त्याच्यासाठी आहे की नाही हे ठरवता यावे. पुढे जे सांगितले आहे ते सर्व याच एका हेतूसाठी आहे.

पहिले काम म्हणजे चित्रपट संपल्यानंतर, इतरांची मते वाचण्याआधी, त्याच रात्री चार ओळी टिपून ठेवणे. त्यांत कथानक लिहू नये, ते कोठेही मिळते. कोणता प्रसंग आठवतो आहे, कोठे लक्ष उडाले आणि कोणत्या क्षणी शेजारच्या खुर्चीतील माणूस मोबाईलकडे वळला, एवढे पुरे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मित्रांची आणि वृत्तपत्रांची मते कानांवर पडलेली असतात, आणि आपले मत कोठे संपले व त्यांचे कोठे सुरू झाले हे मग कोणालाच सांगता येत नाही.

लिहायला बसल्यावर विशेषणे बाजूला ठेवावीत आणि एक प्रसंग निवडावा. मला विचारले तर संपूर्ण लेखनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो चित्रपटगृहांत आला तेव्हा ‘अप्रतिम’ आणि ‘कंटाळवाणा’ ही दोन्ही विशेषणे त्याच्या वाट्याला आली. दोन्ही प्रामाणिक होती आणि दोन्ही निरुपयोगी होती. त्याऐवजी असे लिहिता येते: गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील न्यायालयात आरोपीला जास्तीत जास्त शिक्षा व्हावी म्हणून कोरड्या आवाजात कलमे वाचते, आणि मग कॅमेरा तिच्या मागोमाग लोकलने तिच्या घरी जातो, तिला स्वयंपाक करताना आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाताना दाखवतो; या दृश्यांत खटल्याचे काहीही पुढे सरकत नाही, कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो आणि पार्श्वसंगीत आपल्याला काय वाटून घ्यावे हे सांगत नाही. एवढे वाचले की ज्याला अशा निवांतपणात रस आहे तो तिकीट काढतो आणि ज्याला नाही तो काढत नाही. लिहिणाऱ्याला तो चित्रपट आवडला की नाही हे अजून सांगितलेलेही नाही, तरी वाचकाचे काम झाले.

प्रसंग निवडताना संपूर्ण चित्रपटाचा स्वभाव ज्यात उतरला आहे असा घ्यावा, सर्वांत नाट्यमय प्रसंगच घेतला पाहिजे असे नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये डुकराच्या मागे धावणारे कुटुंब त्याला पकडण्याच्या बेतात असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, सर्व जण जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जाते. हसू येते आणि त्याच क्षणी हसल्याची लाज वाटते. चित्रपटाची सारी रीत या एका प्रसंगात सापडते, म्हणून तो सांगावा. शेवटचे दृश्य अधिक गाजलेले आहे, परंतु ते न सांगताही काम भागते. इतक्या वर्षांनंतरही कोणी तरी तो चित्रपट प्रथमच पाहणार असतो.

येथून रहस्यभंगाचा मुद्दा येतोच. सर्वसाधारणपणे पहिल्या पाऊण तासात जे घडते ते सांगण्यास हरकत नसावी, त्यापुढचे सांगायचे असल्यास आधी स्पष्ट सूचना द्यावी. काही चित्रपटांना मात्र हा नियमही सैल पडतो. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ जानेवारी २०२३ मध्ये आला. त्याची सारी गंमत एकामागून एक फसत जाणाऱ्या बेतांत आहे आणि तेथे दहाव्या मिनिटाचा तपशीलही पुढची मजा कमी करतो. अशा वेळी काय घडते हे सोडून ते कसे घडते ते लिहावे: विनोद काळ्या जातीचा आहे, पात्रांपैकी कोणाविषयीही आपुलकी वाटावी असा लेखकाचा आग्रह नाही, आणि खुनाच्या बेताकडे घरच्या समारंभाच्या तयारीइतक्या गंभीरपणे पाहिले आहे. ‘शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका’ हे वाक्यही रहस्यभंगच आहे हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. धक्का बसणार हे कळल्यावर प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून संशय घेत बसतो.

चित्रपट कोठे पाहिला हे मताचा भाग म्हणून लिहावे. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ च्या जून अखेरीस प्रदर्शित झाला आणि बायका गटागटाने, कित्येक ठिकाणी नऊवारी नेसून, चित्रपटगृहांत गेल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ती गोष्ट भरलेल्या सभागृहात पाहणारीचा अनुभव आणि तीच गोष्ट नंतर घरी एकट्याने, मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत पाहणाऱ्याचा अनुभव हे एक नव्हेत. दोघांपैकी कोणाचेही मत खोटे नाही; पण दोघांनी आपापली जागा सांगितली नाही, तर वाचकाला त्यांच्यातील मतभेदाचे कारण कळत नाही. उलट अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’सारख्या चित्रपटात कोकणातला पाऊस, समुद्र आणि ओली भिंत यांना पात्राइतकेच काम आहे. तो मोबाईलच्या पडद्यावर पाहून ‘काही घडतच नाही’ असे लिहिणाऱ्याने पडद्याचा आकारही लिहावा.

वेळेचेही भान ठेवावे. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत मिळणारे खेळ बहुधा थोडे आणि अडनिड्या वेळांचे असतात, आणि पहिल्या आठवड्यात गर्दी झाली नाही तर दुसऱ्या आठवड्यात ते आणखी कमी होतात. चित्रपट आवडला असेल तर मत पहिल्या शनिवार-रविवारच्या आत लिहावे. पुढच्या महिन्यात लिहिलेली सुरेख प्रशंसा त्या चित्रपटाच्या फारशी उपयोगी पडत नाही.

बोलीविषयी लिहिताना जपून लिहावे. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ विदर्भातील गावात घडतो, सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ कोकणात; दोन्ही २०२५ मध्ये प्रदर्शित झाले. पुण्यात वाढलेल्या प्रेक्षकाने तेथील बोली ‘अस्सल’ आहे असे प्रमाणपत्र देऊ नये, तसेच ती कळली नाही म्हणून दोषही देऊ नये. आपल्या ओळखीत चंद्रपूरचे किंवा सावंतवाडीचे कोणी असेल तर त्यांना विचारावे, नसेल तर ‘बोलीचा गोडवा मला जाणवला, नेमकेपणा मला पारखता येणार नाही’ असे लिहावे. अशा एका कबुलीने उरलेल्या मतावरचा विश्वास वाढतो.

आता मालिका. चित्रपटाची फूटपट्टी मालिकेला लावणे हा सर्वांत सर्रास होणारा अन्याय आहे, आणि मालिकेला काही फूटपट्टीच नसते असे समजणे हा त्याच्या उलट बाजूचा. चित्रपट पूर्ण होऊन आपल्यापुढे येतो. दैनंदिन मालिका मात्र आपण पाहत असतानाच लिहिली जात असते. अर्ध्या तासाच्या भागातील जाहिराती वगळून उरलेली वीस-बावीस मिनिटे दररोज भरायची असतात, चित्रीकरण बहुधा प्रक्षेपणाच्या काही दिवसच पुढे असते, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चालू ट्रॅक, म्हणजे कथानकाचा चालू धागा, वाढतो, आवळला जातो किंवा एखादे पात्र परगावी निघून जाते. हे सांगण्याचा हेतू लेखकाला माफी मिळवून देण्याचा नाही. नायिकेच्या एका वाक्यावर घरातील सात जणांचे चेहरे पाळीपाळीने, प्रत्येक चेहऱ्यामागे विजेच्या कडकडाटासह दाखवले जातात, तेव्हा ती दिग्दर्शकाची शैली आहे की मिनिटे भरण्याची सोय, हे ओळखता आले पाहिजे एवढेच म्हणणे आहे.

म्हणून मालिकेविषयी लिहिताना पहिल्याच वाक्यात आपण कोणता काळ पाहिला हे सांगावे. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ पासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. जिच्या अस्तित्वाची घरात दखलच घेतली जात नाही अशा अरुंधतीची सुरुवातीची गोष्ट आणि काही वर्षांनंतरची त्याच घरातील गुंतागुंत यांवर एकच मत असणे मला तरी अशक्य वाटते. पहिल्या वर्षी मधुराणी प्रभुलकर यांचा संयत अभिनय संहितेच्या बरोबरीने चालत होता. पुढे पुढे संहिता थकली आणि अभिनय तिला ओढत राहिला. हे माझे मत कोणाला पटणार नाही, परंतु कोणत्या टप्प्याविषयी मी बोलतो आहे हे कळल्यामुळे त्याला ते नेमके खोडता तरी येईल. नुसते ‘मालिका भरकटली’ म्हटले की वाद घालायलाही जागा उरत नाही.

कथा मूळची कोठली हेही तपासावे. वर उल्लेख केलेली मालिका बंगाली ‘श्रीमोयी’वर आधारलेली आहे, ‘ठरलं तर मग’चे मूळ तमिळ ‘रोजा’ मालिकेत आहे. रूपांतर असणे हा दोष नव्हे. मात्र कथानकाच्या नावीन्याबद्दल मराठी लेखकाची पाठ थोपटण्यापूर्वी किंवा एखाद्या अतर्क्य वळणाबद्दल त्याला बोल लावण्यापूर्वी ते मूळ मालिकेतून आले काय हे पाहणे न्यायाचे आहे. रूपांतरात पाहण्याजोगे असते ते घर: सणवार, स्वयंपाकघर, सासूचे बोलणे, शेजारी. ते मराठी वाटते की भाषांतरित, यावर रसिक अधिकाराने बोलू शकतो, कारण तेथे तोच जाणकार असतो.

ॲपवर मालिका दीडपट वेगाने पाहण्याची सवय आता अनेकांना आहे. त्या वेगात संथ मालिका सुसह्य होते आणि चांगल्या नटाचा विराम मारला जातो. वेग वाढवून पाहिले असल्यास गतीविषयी एक अक्षरही लिहू नये. प्रोमोवरून तर मत देऊच नये. प्रोमो वेगळ्या हिशेबाने बनतो आणि त्यातील लग्न कित्येकदा स्वप्नच निघते. महाएपिसोड पाहून मालिकेत परतणाऱ्यानेही थोडे थांबावे, कारण त्या दिवशी घडवून आणण्यासाठी आधीचे कित्येक भाग घटना रोखून धरलेल्या असतात.

आवडत्या नटाची अडचण सर्वांना असते. त्यावर सोपा उपाय आहे: आवड लपवू नये, पण नटाचे काम आणि कलाकृती यांना वेगवेगळे परिच्छेद द्यावेत. ‘दशावतार’विषयी लिहिताना दिलीप प्रभावळकर यांच्याबद्दलचा आदर चित्रपटाच्या सर्व उणिवांवर पसरतो, हे मी अनेकांच्या लेखनात पाहिले आहे. वयाने थकलेला तरी रंगमंच न सोडणारा बाबुली त्यांनी ज्या तऱ्हेने उभा केला आहे त्याचे कौतुक मनसोक्त करावे, आणि पूर्वार्धातील बापलेकांच्या नात्यातील निसटता नाजूकपणा उत्तरार्धात टिकला काय, हा प्रश्न त्यानंतर स्वतंत्रपणे विचारावा. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

तारांकन शक्य तोवर टाळावे. पाचपैकी साडेतीन तारे मिळालेला विनोदी चित्रपट आणि तितकेच तारे मिळालेला शोकान्त चित्रपट यांतून निवड कशी करावी हे तारे सांगत नाहीत. तेवढ्याच जागेत कोणासाठी हा चित्रपट आहे आणि कोणासाठी नाही हे एका वाक्यात लिहिता येते.

वरील सूचनांनुसार ‘स्थळ’विषयी लिहिलेले छोटे मत साधारण असे होईल: “दुपारच्या खेळाला, अर्ध्या रिकाम्या सभागृहात पाहिला. मुलगी पाहायला येणारी मंडळी बदलतात, पण चौरंगावर बसलेल्या सविताला विचारले जाणारे नाव, शिक्षण, उंची हे प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा हसू आले, नंतर येईनासे झाले. पुनरावृत्ती मुद्दाम केलेली आहे. ज्यांना ती सहन होत नाही त्यांना मधला भाग लांबल्यासारखा वाटेल, आणि मलाही एका ठिकाणी तसे वाटले. बहुतेक कलाकार नवखे आहेत आणि त्याचा फायदाच झाला आहे. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असणाऱ्या आईवडिलांनी तिच्यासोबत पाहावा. हलकीफुलकी करमणूक हवी असलेल्यांनी दुसरा शोधावा.”

काही महिन्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला आणि मत बदलले, तर जुने मत खोडू नये. त्याखाली तारीख घालून नवे लिहावे आणि या खेपेस काय वेगळे दिसले तेवढेच नोंदवावे. मालिका अजून चालू असेल तर हे नव्या ट्रॅकच्या किंवा लीपच्या, म्हणजे कथेने काही वर्षे पुढे उडी घेतल्याच्या, प्रत्येक वेळी करावे लागेल, आणि मालिका सोडून दिली असेल तर कोणत्या प्रसंगानंतर सोडली ते लिहून तेथे थांबावे.