आरएचसीएसएच्या तयारीला जोडीदार शोधताना

आरएचसीएसए म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरचे सर्व्हर सांभाळण्याची, रेड हॅट कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा. लातूर, नांदेड किंवा परभणीतल्या अभ्यासिकेत शेजारी बसलेला बहुधा नीट नाहीतर एमपीएससीचा असतो; लिनक्सवाला सहज सापडत नाही. म्हणून शोध दुसरीकडे घ्या. पॉलिटेक्निकचे लॅब असिस्टंट, पतसंस्थेचा किंवा दवाखान्याचा सर्व्हर सांभाळणारी मुलं, छत्रपती संभाजीनगरला हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून गावी परतलेले. यांना थेट विचारा, "परीक्षेची तारीख ठरवलीय का?" तारीख ठरवलेला माणूस टिकतो, नुसता "बघू" म्हणणारा पंधरा दिवसांत गळतो. तिघं पुरे.

रेड हॅटची ही परीक्षा, कोड ईएक्स २००, पूर्ण प्रात्यक्षिक आहे. ३०० पैकी २१० गुण लागतात, इंटरनेट मिळत नाही, आणि मशीन रीबूट झाल्यावरही तुमची सेटिंग टिकावी लागते. त्यामुळे एकत्र बसून व्हिडिओ पाहण्यात वेळ घालवू नका.

त्याऐवजी रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणारं रॉकी किंवा अल्मा लिनक्स मोफत आहे, ते व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर) टाका आणि दर रविवारी एकमेकांची मशीन बिघडवा. एकानं रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड बदलावा, एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडण्याच्या यादीत) चुकीची ओळ घालावी, एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं फाइलवरचं लेबल बदलावं. दुसऱ्यानं फक्त मॅन पेज (सिस्टीममधलीच मदतीची पानं) उघडून दुरुस्त करावं, तिसऱ्यानं घड्याळ लावावं. शेवटी रीबूट करून तपासाच. माझा स्वतःचा सगळ्यात जास्त घोळ तिथंच व्हायचा. आणि बिघडवण्याआधी स्नॅपशॉट (मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची प्रत) घ्या.

गावात कुणीच नसेल तर स्क्रीन शेअर करूनही हे जमतं, फक्त वीज जाण्याच्या वेळा बघून तास ठरवा.