दिवाळीचा फराळ हलका आणि निर्धोक कसा करावा

वसुबारसेच्या आठवडाभर आधी पुण्यातल्या पेठांमध्ये आणि उपनगरांतल्या सोसायट्यांच्या जिन्यांत भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो, आणि त्याच सुमारास घरोघरी 'यंदा थोडेच करू' आणि 'एवढे तरी लागेलच' ही दोन वाक्ये एका दमात बोलली जातात. ओट्सची चकली किंवा नाचणीची करंजी करणे वाईट नाही, परंतु पीठ बदलले तरी कढईतले तेल आणि डब्यातला ढीग तोच राहिला, तर पदरात फारसे काही पडत नाही. खरा फरक पडतो तो किती करायचे हे आधी ठरवल्याने आणि तेल नीट सांभाळल्याने. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: आधी वही, मग पिशवी

बाजारात जाण्यापूर्वी घरातली माणसे, सणाचे दिवस आणि येणारे पाहुणे यांचा हिशोब कागदावर मांडावा. चार माणसांच्या घरात पाच दिवस रोज प्रत्येकी दोन चकल्या धरल्या, तर 40 चकल्या होतात. अर्धा किलो भाजणीत मध्यम आकाराच्या साधारण तेवढ्या, किंवा थोड्या अधिकच, निघतात. दोन किलो भाजणी दळून आणण्याची सवय एकत्र कुटुंबाच्या काळातली आहे, ती तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालवण्याचे कारण नाही. प्रकारही सातऐवजी चार करावेत. उरलेले प्रकार शेजारणीकडून ताटात येतातच.

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून आणा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून, शेंगदाणे आणि सुके खोबरे हातात घेऊन, वास घेऊन आणि शक्य तर चाखून घ्यावे. खवट खोबरे एका करंजीला नव्हे, सगळ्या सारणाला लागते. बुरशी लागलेले, काळपट किंवा कडवट शेंगदाणे निवडून टाकून द्यावेत, कारण अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष असू शकते आणि ते घरगुती भाजण्या-तळण्याने पुरते नष्ट होत नाही.

खवा विकत घेणार असाल, तर त्यातला चिमूटभर खवा गरम पाण्यात कालवून, पूर्ण गार झाल्यावर, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकून पाहावेत. निळा रंग आला तर खव्यात पिष्ट, म्हणजे मैदा किंवा तत्सम काही, मिसळलेले आहे. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्यावा. सुटी मिठाई घेताना ट्रेजवळ ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिलेले असते का, ते पाहावे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानदारांना ते बंधनकारक केले. चांदीचा वर्ख असलेल्या मिठाईवरचा वर्ख बोटांत चोळून पाहावा. चांदी विरून जाते, ॲल्युमिनियमच्या मात्र बारीक गोळ्या होतात.

दुसरी पायरी: शेगडी पेटवण्यापूर्वी

तासन्‌तास तळण चालणार असल्याने गॅसची नळी आधी तपासावी. सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, आणि तिच्यावर छापलेले वर्ष आपण सहसा वाचत नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास जमिनीलगत साचतो, तर नळाने येणारा नैसर्गिक गॅस हलका असल्याने वर छताकडे जातो. पुण्यातल्या अनेक घरांत आता हा दुसरा गॅस आला आहे, म्हणून खिडकीचा वरचा भाग उघडा ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. गॅसचा वास आल्यास दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर किंवा मुख्य झडप बंद करावी, आणि सिलिंडर असल्यास 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

कढई निम्म्याहून जास्त भरू नये, तिचे कान बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नयेत, आणि तिला पुरेसे बसेल असे सपाट झाकण हाताशी ठेवावे. तेलाने पेट घेतल्यास गॅस बंद करून झाकण ठेवायचे आणि तेल गार होईपर्यंत ते उचलायचे नाही. पाणी मुळीच ओतू नये, कारण त्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. पाडव्याची नवी साडी नेसून पुऱ्या तळायला उभे राहण्याचा मोहही आवरावा. सुती कपडेच बरे.

तिसरी पायरी: तेल

तेल पुरेसे तापले नाही, तर पदार्थाचा बाहेरचा थर लवकर धरत नाही आणि चकली तेल पिते. फार तापले, तर ती बाहेरून करपते आणि आतून मऊ राहते. तळणीला साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअस तापमान योग्य ठरते. तापमापक नसल्यास पिठाची लहान गोळी टाकून पाहावी: ती तळाशी जाऊन सावकाश, बुडबुडे सोडत वर आली की घाणा सोडावा. एका घाण्यात कढई गच्च भरल्यास तेलाचे तापमान एकदम उतरते, म्हणून चार-पाच चकल्याच पुरेत. बुडबुडे ओसरले की चकली झाली. ती सोनेरी असतानाच काढावी; पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर कोरडे होत लालसर-तपकिरी होतात तेव्हा त्यांत अॅक्रिलामाइड हे नकोसे रसायन तयार होते, आणि रंग जितका गडद तितके ते अधिक.

घाण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. चिरोटे आणि करंज्या आधी, मग शेव, आणि तिखट-तीळ घातलेली चकली शेवटी तळावी. त्यामुळे तेल जास्त वेळ स्वच्छ राहते. करंजी फुटून सारण बाहेर आले, तर ते लगेच झाऱ्याने काढावे, कारण जळकी साखर पुढच्या प्रत्येक घाण्याला कडू करते. (अनारसे बहुतेक घरांत वेगळे, तुपातच तळतात, आणि तळताना हसले, म्हणजे फुटून पसरले, तर दोष तळणीचा नसून पिठाचा असतो, एवढेच त्यांच्याबद्दल येथे पुरे.)

तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढत जातात. वर उल्लेखलेल्या प्राधिकरणाच्या नियमानुसार, जो 1 जुलै 2018 पासून लागू आहे, ही संयुगे 25 टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरता येत नाही. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळे आणि चिकट होणे, आधीपेक्षा लवकर धुरावणे आणि न बसणारा फेस येणे ही लक्षणे डोळ्यांना दिसतात. म्हणून मुळात तेल थोडे घ्यावे. लहान खोल कढईत अर्धा लिटर तेलात चकल्या उत्तम होतात, फक्त वेळ जास्त लागतो. उरलेले तेल गार करून, गाळून, एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावे आणि ताज्या तेलात ओतू नये. निकामी झालेले तेल मोरीत ओतल्यास नळ्या तुंबतात. ते भुशात शोषून कचऱ्यात द्यावे.

तळलेला पदार्थ निथळायला वर्तमानपत्रावर पसरण्याची सवय मात्र मोडावीच लागेल. गरम तेलाने छपाईची शाई पदार्थात उतरते, आणि यासंबंधी प्राधिकरणाने 2016 मध्येच सूचना काढली होती. जाळीची चाळण आणि खाली ताट ठेवल्यास चकली कागदावरच्यापेक्षा अधिक कुरकुरीत राहते, कारण खाली वाफ अडकत नाही.

चौथी पायरी: पदार्थागणिक बदल

चकलीच्या भाजणीत मोहन, म्हणजे पिठात घालायचे गरम तेल, वाटीमागे एक मोठा चमचा पुरते. जास्त घातल्यास ती तेलात सुटते आणि तेलही अधिक पिते. ओव्हनमध्ये चकली होते खरी, पण तिला नळी पडत नाही आणि खाताना ती चकली वाटत नाही, त्यामुळे माझे मत असे की तळलेल्या चकल्याच कमी कराव्यात. शंकरपाळ्यांचे मात्र उलट आहे: 175 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजलेले शंकरपाळे चहाबरोबर कुणालाही बिस्किटापेक्षा आवडतात.

चिवड्यात सर्वांत जास्त बचत होते. पातळ पोहे मंद आचेवर कोरडे भाजून कुरकुरीत करावेत, आणि अर्धा किलो पोह्यांना पाच मोठे चमचे तेलाची फोडणी द्यावी. म्हणजे 100 ग्रॅम पोह्यांमागे एकच चमचा तेल येते. दाणे, डाळे, खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता त्याच फोडणीत परतून घ्यावेत. कढीपत्ता धुऊन पुरता कोरडा केलेला असावा, नाहीतर फोडणी अंगावर उडते. मीठ आणि पिठीसाखर एकत्र दळून घातल्यास ती सगळीकडे सारखी लागतात आणि कमी पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढीही नाही, हे चकली-शेव-चिवडा एकाच ताटात वाढताना आठवावे.

बेसनाच्या लाडवात दोन वाट्या बेसनाला पाऊण-एक वाटीऐवजी अर्धी वाटी तूप घेऊन, बेसन पूर्ण भाजून झाल्यावर दुधाचा हबका मारावा. बेसन फुलते, रवाळ होते आणि तूप कमी असल्याचे कळतही नाही. फक्त असे लाडू आठवडाभरात संपवावेत. 30 ग्रॅमच्या लाडवात साधारण 10 ग्रॅम साखर असते, आणि त्याच संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी, त्यामुळे लाडू लिंबाएवढे वळावेत. गूळ घातला म्हणजे मधुमेह्यांना चालेल, ही समजूत चुकीची आहे. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ साखरेचाच भाऊ आहे.

पाचवी पायरी: भाऊबीजेचे जेवण आणि डबे

फराळ कोरडा असल्याने सहसा बिघडत नाही. पोटे बिघडतात ती भाऊबीजेच्या पंगतीनंतर ओट्यावर राहिलेल्या मसालेभाताने आणि बासुंदीने. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिल्यास त्यांचे विष तयार होते, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. 5 ते 60 अंश ही जिवाणूंना मानवणारी पट्टी असल्याने, शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. मोठे पातेले तसेच आत ठेवल्यास मध्यभाग बराच वेळ कोमट राहतो, म्हणून भात परातीत पसरून, वाफ गेली की उथळ डब्यांत भरावा.

फराळ पूर्ण गार झाल्यावरच डबे लावावेत, अन्यथा झाकणाखालच्या वाफेने चिवडा सादळतो. शेजारी ताट पाठवताना कशात शेंगदाणे किंवा काजू आहेत, ते चिठ्ठीवर लिहावे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिवड्यातले अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. परदेशातल्या मुलांना कुरिअरने डबा जाणार असेल, तर त्यात चकली, शेव आणि चिवडाच भरावा, आणि ओल्या नारळाच्या करंज्या व खव्याचे पदार्थ इथेच, दोन दिवसांत, फ्रिजमधून काढून संपवावेत.