जर्मनीत आरोग्यविमा पब्लिक की प्रायव्हेट? सही करण्याआधी जमवायचे कागद

ऑफर लेटर हातात आलं की त्यातला वर्षाचा ब्रुटो पगार, म्हणजे कर कापण्याआधीचा आकडा, एका कोऱ्या कागदावर लिहा. २०२६ साली तो ७७,४०० युरोपेक्षा जास्त नसेल, तर आरोग्यविमा पब्लिक, म्हणजे सार्वजनिक, घ्यायचा की प्रायव्हेट, म्हणजे खासगी कंपनीचा, हा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच. पब्लिकमध्ये नाव घालायचं आणि कुठली क्रांकनकासे, म्हणजे पब्लिक विमा देणारी संस्था, घ्यायची तेवढं ठरवायचं. सगळ्या कासेंचे फायदे बहुतांश सारखेच असतात, कारण ते कायद्यानं ठरलेले आहेत. फरक पडतो तो जोडहप्त्यात, म्हणजे मूळ हप्त्यावर प्रत्येक कासे आपापल्या दरानं लावते त्या जादा हप्त्यात, आणि फोनवर इंग्रजीत बोलणारं कोणी भेटतं की नाही यात.

आकडा सीमेच्या वर असेल तर पुढे वाचा. जेमतेम वर असेल तर त्याच कागदावर एक गोष्ट टिपून ठेवा, की ही सीमा स्थिर नसते. २०२५ साली ती ७३,८०० होती. म्हणजे तेव्हा ७५,००० पगारावर प्रायव्हेटमध्ये गेलेला माणूस, पगार वाढला नाही तर, जानेवारीत पुन्हा सक्तीच्या पब्लिकमध्ये आला. ते नको असेल तर तीन महिन्यांत सूट मागता येते, पण एकदा मिळालेली सूट मागे घेता येत नाही.

आता दुसरा कागद घ्या आणि त्यावर पगार लिहू नका, घरातली माणसं लिहा. आज किती आहेत आणि पाच वर्षांनी किती असतील, दोन्ही. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या कागदाबद्दल, कारण आम्ही स्टुटगार्टला आलो तेव्हा भेटलेल्या एजंटनं तो आमच्यासमोर ठेवलाच नव्हता. त्यानं माझ्या एकटीचा प्रायव्हेटचा हप्ता दाखवला, शेजारी पब्लिकचा दाखवला आणि मधली बचत लाल पेनानं गोल केली. नवऱ्यानं पुण्यातली नोकरी सोडलेली, मुलगी चार वर्षांची. तिघांचे तीन हप्ते मांडल्यावर ती बचत कुठेच उरली नाही.

पब्लिकमध्ये कमावता नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता तुमच्याच विम्यात येतात. जोडीदाराचं उत्पन्न महिन्याला ५६५ युरोच्या आत हवं, मिनीजॉब, म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी, असेल तर ६०३. प्रायव्हेटमध्ये प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा. आणि दोघांपैकी एक प्रायव्हेटमध्ये, दुसरा पब्लिकमध्ये असेल तर मुलं आपोआप पब्लिकमध्ये फुकट जातील असं धरून चालू नका. प्रायव्हेटमधल्या जोडीदाराचा पगार सीमेच्या वर असेल आणि दुसऱ्यापेक्षा जास्तही असेल, तर लग्नाच्या जोडप्याच्या मुलांना ती सोय मिळत नाही. हे पुष्कळांना बाळ झाल्यावर कळतं.

बाळाचा विचार असेल तर आणखी दोन ओळी लिहा. सक्तीची सभासद म्हणून, म्हणजे पगार सीमेच्या आत असल्यानं, पब्लिकमध्ये असलेल्या आईला पालकत्वाच्या रजेत, दुसरं उत्पन्न नसेल तर, हप्ता पडत नाही. प्रायव्हेटमध्ये हप्ता चालूच राहतो, आणि पगार थांबल्यामुळे कंपनीचा वाटाही थांबतो. प्रायव्हेटमध्येच राहायचं असेल तर बाळाची नोंद जन्मापासून दोन महिन्यांत करा. आई किंवा वडील निदान तीन महिन्यांपासून तिथे विमाधारक असतील तर बाळाच्या तब्येतीची चौकशी न करता त्याला घ्यावं लागतं. मुदतीच्या आधी अर्ज भरून ठेवा, त्या दिवसांत झोपेचासुद्धा हिशोब राहत नाही.

हप्त्याचं गणित सोपं आहे. पब्लिकचा मूळ दर १४.६ टक्के, त्यावर सरासरी २.९ टक्के जोडहप्ता, आणि दोन्हींचा निम्मा भार कंपनीवर. मात्र हे टक्के वर्षाला ६९,७५० युरोपर्यंतच्या पगारावरच लागतात. त्यामुळे पगार कितीही मोठा असला तरी तुमच्या वाट्याला महिन्याला सरासरी ५०९ युरोच्या वर आरोग्याचा हप्ता येत नाही. शुश्रूषेच्या, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या देखभालीच्या, विम्याचा हप्ता वेगळा, आणि मूल नसलेल्यांना तो थोडा जास्त. प्रायव्हेटमध्येही कंपनी निम्मा हप्ता देते, पण तिची मर्यादाही हीच, ५०९ च्या आसपास.

तिसरी तयारी भारतातूनच करून निघा. प्रायव्हेटचा अर्ज तब्येतीचे प्रश्न विचारतो: गेल्या काही वर्षांत कुठले उपचार, कुठली औषधं, ऑपरेशन, समुपदेशन. थायरॉईडची गोळी, पाठीचा एमआरआय, घाबरल्यासारखं होतं म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे घेतलेल्या चार भेटी, सगळं त्यात येतं. आपल्याकडे हे कागद कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. ती पिशवी काढा, तारखेप्रमाणे लावा, स्कॅन करा आणि नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पानाचा इंग्रजी गोषवारा घ्या. काही लपवू नका, ही अगदी कळकळीची विनंती. पुढे मोठा खर्च आला की कंपनी जुनी कागदपत्रं मागते, आणि दडवलेलं सापडलं तर करारच रद्द होऊ शकतो. आजार असेल तर आधी दलालाकरवी नाव न सांगता विचारणा करून घ्या. हप्ता किती वाढेल, नकार येईल का, ते आधी कळतं आणि नकाराची नोंद तुमच्या नावावर राहत नाही. पब्लिकमध्ये यातलं काहीच विचारत नाहीत. घरात कोणाला मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर निर्णय बहुतेक इथेच होतो.

चौथ्या कागदावर तुमचं वय लिहा आणि शेजारी ५५ लिहा. पंचावन्नच्या आत पगार सीमेखाली आला तर पब्लिकमध्ये परतता येतं. ५५ ओलांडल्यावर तो रस्ता जवळजवळ बंद होतो, आणि प्रायव्हेटचा हप्ता उत्पन्न घटलं म्हणून घटत नाही. म्हातारपणासाठी प्रायव्हेटमध्ये राखीव रक्कम साठवतात, त्यासाठी ६० वर्षांपर्यंत १० टक्के अधिभारही घेतात, पण भारतात परत जाताना ती रक्कम हातात मिळत नाही. तीनच वर्षं राहणार आहात, अविवाहित आहात, ठणठणीत आहात, पगार मोठा आहे, तर प्रायव्हेट खरंच फायद्याचं असू शकतं. तज्ज्ञ डॉक्टरची वेळही बहुधा लवकर मिळते. पण "तीन वर्षं" म्हणून आलेले किती जण इथल्या गणपतीत पंधराव्या वर्षी मोदक वळताना दिसतात, तेही लक्षात असू द्या.

प्रायव्हेट घेतलंत तर बँकेत दोनेक हजार युरो बाजूला ठेवा. डॉक्टरचं बिल घरी येतं, ते आधी तुम्ही भरायचं आणि मग कंपनीकडे पाठवायचं. लांबच्या आजारपणाची सोयही स्वतंत्र करावी लागते. पहिले सहा आठवडे मालक पगार देतो. त्यापुढे पब्लिकमधल्या नोकरदाराला कासे आजारपणाचा भत्ता देते, प्रायव्हेटमध्ये त्यासाठी दिवसभत्त्याचा वेगळा करार लागतो.

सुट्टीत घरी जाताना पब्लिकचं कार्ड भारतात चालत नाही, म्हणून वर्षाचा प्रवासविमा आधीच घ्या आणि एका फेरीत किती दिवस चालतो ते तपासा. आईबाबा यापैकी कुठल्याच विम्यात येत नाहीत. ते भेटीला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा विमा लागतो, आणि जुनी दुखणी त्यात बहुधा धरत नाहीत. बाबांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या, चिठ्ठीसकट, सोबत द्यायला सांगा.

शेवटी कॅलेंडरवर एक खूण करा. पगार सीमेच्या वर असताना जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल, तर स्वेच्छेनं पब्लिकमध्ये जायला रुजू झाल्यापासून तीन महिनेच मिळतात. व्हिसासाठी घेतलेला स्वस्त तात्पुरता विमा तेवढ्यात पुरेसा वाटू लागतो आणि मुदत निघून जाते. मी तर पहिल्या आठवड्यातच अर्ज करा म्हणेन. कासे कार्डासाठी फोटो मागते, म्हणून पासपोर्ट फोटो काढाल तेव्हा त्याची फाईलही मोबाईलवर घेऊन ठेवा.