गुलमर्गच्या बदलत्या बर्फासाठी स्की आणि बाइंडिंग निवडताना

गुलमर्गला जानेवारी-फेब्रुवारीत अफरवट शिखराच्या उतारांवर गुडघाभर भुसभुशीत बर्फ मिळतो, तर मार्चमध्ये तोच उतार सकाळी काचेसारखा कडक आणि दुपारी ओल्या साखरेसारखा जड होतो. म्हणून एकच जोडी घ्यायची असेल, तर आधी स्कीची बुटाखालची रुंदी पाहावी. ८५ मिलिमीटरच्या आसपासची स्की कडक बर्फात चटकन धार रोवते, १०० मिलिमीटरची ताज्या बर्फावर तरंगते, आणि गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून उतरू पाहणाऱ्याने माझ्या मते ९५ ते १०० मध्ये राहावे. त्याहून रुंद स्कीचा मोह बहुधा छायाचित्रे पाहूनच होतो. लांबी हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान पुरते. दुकानात दोन्ही स्की तळाला तळ लावून धराव्यात: मधली फट म्हणजे कॅम्बर (स्कीच्या मध्यभागाची कमान), आणि पुढची टोके जिथून एकमेकींपासून दूर होतात तिथून रॉकर, म्हणजे टोकाकडे वर वळत जाणारा भाग, सुरू होतो. हे दोन्ही असलेली स्की मिश्र बर्फात सोयीची पडते.

बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, बाबतीत मात्र काटकसर नको. ते आपल्या बुटाच्या तळव्याच्या प्रकाराला चालते का, हे विचारावे. बाइंडिंगचा ब्रेक (सुटलेली स्की घसरत जाऊ न देणारे दांडे) स्कीपेक्षा थोडा रुंद, पण १५ मिलिमीटरहून अधिक रुंद नसावा. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा, हे सांगणारा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि तळव्याची लांबी यांवरून ठरतो. तो मित्राच्या बाइंडिंगवर पाहून न लावता जाणकार तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा.