जपानमध्ये राहायला गेलात? पहिल्या आठवड्यात कचरा शिकून घ्या

जपानला यायला निघालेल्या प्रत्येकाला मी भाषा आणि ट्रेनच्या आधी कचऱ्याबद्दल सांगते. भाषा वर्षभर चुकली तरी लोक सांभाळून घेतात. कचरा चुकला तर गाडी तुमची पिशवी उचलत नाही. वर स्टिकर लागतो आणि ती दिवसभर तिथेच पडून राहते. टोकियोतली माझी पहिली पिशवी अशीच राहिली होती. स्टिकरवरचं मला वाचता येईना. शेवटी शेजारच्या आजींनी पिशवी सोडून आतली लोणच्याची बरणी बाजूला काढून दाखवली आणि भिंतीवरच्या तक्त्यात काचेचा वार कुठला तेही बोट ठेवून सांगितलं. त्यांची माझी ओळख तिथून सुरू झाली.

१. आधी वॉर्ड ऑफिस

नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत शहराच्या किंवा वॉर्डच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. झायर्यू कार्ड, म्हणजे तुमचं रहिवासी ओळखपत्र, सोबत न्या. नोंदणी झाली की तिथेच कचऱ्याचं कॅलेंडर मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीतही मिळतं. ते फ्रिजच्या दारावर लावा.

मित्राच्या घरचं कॅलेंडर मात्र वापरू नका. गावागणिक नियम बदलतात. क्योतोमध्ये जळाऊ कचरा महापालिकेच्या विकतच्या पिवळ्या पिशवीतच टाकावा लागतो, टोकियोच्या २३ वॉर्डांत साधी पारदर्शक पिशवी चालते. तोकुशिमातल्या कामिकात्सु या छोट्या गावात तर लोक कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात.

२. चार शब्द पाठ करा

मोएरु गोमी म्हणजे जळाऊ कचरा: खरकटं, भाज्यांची सालं, खराब झालेला कागद. हा साधारण आठवड्यातून दोनदा जातो. मोएनाइ गोमी म्हणजे न जळणारा: चिनी मातीची भांडी, फुटलेला पेला, जुनी कढई. शिगेन गोमी म्हणजे पुन्हा वापरात येणारा: बाटल्या, डबे, वर्तमानपत्रं, पुठ्ठे. सोदाइ गोमी म्हणजे मोठ्या वस्तू.

आपल्याकडे ओला आणि सुका अशी सवय असते. इथे मुख्य प्रश्न वेगळा आहे: ही वस्तू भट्टीत जाणार की कारखान्यात परत जाणार? हा प्रश्न डोक्यात बसला की निम्मा गोंधळ संपतो. म्हणूनच पेट बाटलीचं, म्हणजे पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीचं, झाकण आणि लेबल काढून, बाटली विसळून, चेपून ठेवतात. झाकण आणि लेबल वेगळ्या प्लास्टिकचे असतात. दुधाचा पुठ्ठ्याचा डबा धुऊन, कापून, उलगडून वाळवायचा आणि सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायचा. पुठ्ठे चपटे करून सुतळीने बांधायचे.

बॅटरी आणि पॉवर बँक कुठल्याही पिशवीत लपवून टाकू नका. लिथियम बॅटरी दाबली गेली की कचऱ्याच्या गाडीत आग लागते. त्या कुठे द्यायच्या ते कॅलेंडरवर असतं.

३. मराठी स्वयंपाकघरासाठी

हे कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. चहाचा चोथा, भाज्यांची सालं, उरलेली आमटी यांतलं पाणी पूर्ण निथळू द्या. ओला कचरा नीट जळत नाही आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत वास सुटतो. सिंकच्या जाळीत बसणाऱ्या पातळ पिशव्या शंभर येनच्या दुकानात मिळतात.

पुऱ्या, भजी तळून उरलेलं तेल सिंकमध्ये कधीही ओतू नका. तेल घट्ट करायची पूड सुपरमार्केटमध्ये मिळते. तेल गरम असतानाच ती ढवळायची. गार झाल्यावर वडी होते, ती मोएरु गोमीत जाते. तेल थोडंच असेल तर जुन्या कागदात टिपून घेतलं तरी भागतं.

निर्माल्य नदीत सोडायची सवय असेल तर इथे ती सोडावी लागते. मी फुलं सुकवते, स्वच्छ कागदात बांधते आणि जळाऊ कचऱ्यात ठेवते. पहिल्यांदा जीवावर आलं होतं. पण ती शेवटी अग्नीतच जातात, हे मनाला पटलं.

४. वेळ सकाळची

टोकियोत त्या त्या दिवशी सकाळी आठच्या आत पिशवी ठरलेल्या जागी हवी. कामावरून उशिरा येतो म्हणून आदल्या रात्री ठेवली तर पहाटे कावळे ती फोडतात. इथले कावळे धिप्पाड आहेत, त्यासाठीच तिथे जाळी असते. पिशवी जाळीखाली सरकवा आणि कडा नीट दाबा. कोनबिनी, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानाच्या डब्यात घरचा कचरा टाकायचा नाही. रस्त्यावर डबे फारसे नसतात. १९९५ च्या टोकियो मेट्रोवरच्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर अनेक ठिकाणचे काढून टाकले. बाहेर खाल्लेल्या वडीचा कागद पिशवीतून घरी आणायचा.

५. मोठं सामान

टोकियोत साधारण ३० सेंटीमीटरहून मोठी वस्तू सोदाइ गोमीत जाते. आधी फोनवर किंवा ऑनलाइन नोंदणी करायची, सांगतील तितक्या पैशांची स्टिकर कोनबिनीतून आणायची, चिकटवायची आणि ठरल्या दिवशी बाहेर ठेवायची. टीव्ही, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन हे मात्र यात घेत नाहीत. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ते पैसे भरून, दुकानामार्फत पुनर्वापराला द्यावे लागतात. ‘फुकट नेतो’ म्हणत लाउडस्पीकर लावून फिरणाऱ्या गाड्यांना सामान देऊ नका. सामान गाडीत चढलं की पैसे मागतात.

मार्च-एप्रिलमध्ये घर सोडणार असाल तर महिनाभर आधी नोंदणी करा. एप्रिलमध्ये शाळा आणि नोकऱ्यांचं वर्ष सुरू होतं, सगळा देश घरं बदलत असतो आणि तारखा मिळत नाहीत.

६. शेजाऱ्यांची दारं

राहायला गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच डावी-उजवीकडच्या आणि वर-खालच्या घरी जाऊन या. पाचशे ते हजार येनची छोटी भेट पुरे: टॉवेल, साबण, बंद पाकिटातली बिस्किटं. घरचे लाडू ओळख वाढल्यावर द्या, कारण अनोळखी माणसाच्या हातचं खायला लोक बिचकतात. नाव सांगायचं, वाकून ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ (साधारण ‘लोभ असू द्या’) म्हणायचं आणि दारातूनच परतायचं. मिक्सर, कुकरची शिट्टी, वॉशिंग मशीन पहाटे आणि रात्री उशिरा नको. भिंती पातळ असतात.

वस्तीत चोनाइकाइ, म्हणजे शेजारमंडळ असेल तर त्यात सामील व्हा असं मी आग्रहाने सांगेन. कचऱ्याच्या जागेच्या झाडलोटीची पाळी घरोघर फिरते. आपल्या पाळीला गाडी गेल्यावर जागा झाडायची, पाणी मारायचं, जाळी घडी करून ठेवायची. मग पाळीची पाटी पुढच्या घराच्या दाराला अडकवताना बेल वाजवून दोन शब्द बोला.