जागणाऱ्या बाळाला मांडीवरून गादीवर कसे आणावे

माझी दोन मुले आणि त्यानंतर बहिणीची व शेजारणींची मिळून चार तान्ही बाळे मी रात्री झोपवली आहेत, त्यामुळे ‘बाळ जागते म्हणजे पोट भरत नसेल, वरचे दूध सुरू करा’ हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो. पुढे दिलेली पद्धत साधारण 4 महिने पूर्ण झालेल्या आणि वजन नीट वाढत असलेल्या बाळासाठी आहे. त्याआधी बाळाच्या शरीराला दिवस-रात्र पुरती उमगलेली नसते. आणि 6 महिन्यांपर्यंत, काहींना त्यानंतरही, रात्रीचे दूध लागते. ते तोडू नये.

सकाळी सातच्या सुमारास पडदे उघडून बाळाला उजेडात आणावे. तलावपाळीची, म्हणजे आमच्या ठाण्यातल्या तलावाकाठची, फेरी दिवेलागणीच्या आत आटपावी आणि सातनंतर घरातले दिवे मंद करावेत. साडेआठला लोकलने घरी येणाऱ्या बाबांना बाळाला उंच उडवून हसवायचे असते, हे मला समजते. परंतु त्या पंधरा मिनिटांची किंमत आई मध्यरात्रीपर्यंत मोजते, म्हणून बाबांनी सकाळची अंघोळ आपल्याकडे घ्यावी.

गादी सपाट आणि घट्ट असावी, बाळाला उताणे निजवावे आणि जवळ मोहरीची उशी, गोधडी, सैल दुपटे यांतले काहीही ठेवू नये. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, त्यामुळे रात्रभराच्या झोपेसाठी झोळी मला मान्य नाही.

आता खरी अडचण. तान्ह्या बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण 50 ते 60 मिनिटांचे असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते किंचित जागे होते. तोंडात दूध आणि खाली मांडी असताना झोपलेल्या बाळाला त्या क्षणी गादी लागली, तर ते भेदरून रडणारच. मोठ्या मुलीच्या वेळी हे मला ठाऊक नव्हते. घोडबंदर रस्त्यावरून कंटेनर धडधडत जात असत आणि मी रात्री दोनपर्यंत तिला खांद्यावर घेऊन दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत असे. ती गाढ झोपली की श्वास रोखून खाली ठेवी आणि पाठ टेकताच ती डोळे उघडी. माझी चूक दुहेरी होती: मी ती पूर्ण झोपण्याची वाट पाहत होते आणि ठेवताना आधी डोके टेकवत होते.

दूध झोपेच्या वीसेक मिनिटे आधी संपवावे, ढेकर काढावी आणि मग थोपटावे. पापण्या जड झाल्या, वळलेली मूठ सैल पडली, पण नजर अजून हलते आहे, हीच ठेवण्याची वेळ. आधी पाय टेकवावेत, मग कुल्ले, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोके, कारण डोके एकदम मागे गेले की लहान बाळ दोन्ही हात फेकून दचकते. एक तळवा छातीवर तसाच राहू द्यावा आणि तो सावकाश, जवळजवळ कंटाळा येईल इतक्या सावकाश काढावा. बाळ रडले तर गादीवरच थोपटावे. रडणे चढत गेले तर उचलून शांत करावे आणि झोप लागण्याच्या आत पुन्हा ठेवावे. धाकट्याच्या वेळी पहिल्या रात्री मी हे अकरा वेळा केले, आठव्या रात्री दोनदा. दार लावून बाळाला रडत ठेवण्याचा सल्लाही दिला जातो. मी तो कधी पाळला नाही.

मात्र पहिल्या कुरकुरीला धावूही नये. बाळे झोपेत कण्हतात, तोंड वेडेवाकडे करतात, हातपाय झाडतात. घड्याळात पाहून दोन मिनिटे थांबावे. मी पूर्वी लगेच उचलत असे आणि झोपलेल्या मुलीला मीच जागी करत असे, हे ध्यानात आल्यावर मला स्वतःचाच राग आला होता. सासूबाईंना माझे थांबणे निर्दयपणाचे वाटे. त्यांना शेजारी बसवून ती दोन मिनिटे दाखवली, तेव्हा त्यांचा विरोध मावळला.

झोपेसाठी जायफळ उगाळून देऊ नये, कारण मात्रा चुकल्यास विषबाधा होते. बोटुलिझमचा, म्हणजे मधातल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असल्याने वर्षाच्या आत मध तर अजिबात चाटवू नये. बाळ घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, ताप असेल किंवा दूध कमी झाले असेल, तर ही पद्धत बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

सर्दीच्या आजारपणानंतर किंवा गावाहून परतल्यावर सवय मोडते. तेव्हा पहिल्या रात्रीपासून पुन्हा सुरुवात करावी. माझ्या अनुभवात दुसऱ्या खेपेला तीन-चार रात्री पुरतात.